आमचं बांदा घराणं

गाण्याच्या क्लासात गाणं थोडं आणि किस्से फार जमा होतात. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंडावर गंज चढतो ना, तसं. कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं. फक्त हे किस्से सांगायला दर गुरुवारी सकाळी ज्या पडवीत बसायचो, ती पडवी आता बंद आहे. ती पडवी ज्यांची, त्या क्लास घेणाऱ्या नलूताई पुण्याला लेकीकडे राहायला गेल्या, कायमच्या. त्यामुळे दुकानात जो येईल त्याला मी धरून किस्से सांगत सुटलोय. परवा एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला आल्या होत्या. दोन किस्से ऐकले आणि औषध न घेताच गेल्या!

दुकान म्हणजे मालवणच्या बाजारात माझं मेडिकल स्टोअर आहे. पण गावात मला ओळखतात पेटीवाला म्हणून, कारण नलूताईंच्या क्लासात पेटी मी वाजवायचो. तबल्यावर भाई, एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. नलूताईंची जुनी शिष्या म्हणजे मंदा, ती कपडे शिवते. आणि गायच्या अर्थातच नलूताई.

हे ‘गायच्या’ लिहिताना त्रास होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. तब्येत सुधारली, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, तीही कान जवळ नेला तर. ताईंचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा ‘सा’. पेटी वाजवणाऱ्याला माणसं नावापेक्षा पट्टीने जास्त लक्षात राहतात, आणि काळी चार म्हटलं की माझ्यासाठी नलूताई. मंदाचा सूर वेगळा, पोरांचे वेगळे. ऑपरेशननंतर काळी चारमध्ये ‘सा’ लावणारं आमच्यात कुणी उरलं नाही. तो सूर एकदा, फक्त एकदा पुन्हा कानावर पडावा, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. तोंडाने बोलत मात्र कुणी नव्हतं.

तर किस्से.

*

शास्त्रीय गाणं ‘कळावं’ लागतं, असं लोकांना फार वाटतं. अशा लोकांना मी बाबलचा आणि मांजराचा किस्सा सांगतो.

बाबल तांडेल आमच्या क्लासात आला तो गाणं ऐकायला नव्हे, भांडायला! तो मासेमारीच्या होडीवर जातो. सकाळी होडी लागली की घरी जाताना ताईंकडे वाट्याचे चार मासे टाकून जायचा. पडवीत एक काळा फळा होता आणि ताईंनी त्यावर खडूने लिहिलं होतं, ‘आज नवी बंदिश.’ पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. बाबलने ते वाचलं आणि तरातरा आत आला.

“ताईनू, ही नवी बंदी कोणी घातल्यान? आताच तर एक उठली.”

ताईंनी त्याला समजावलं, की बाबा, ही बंदी नव्हे, बंदिश. गाण्याचे शब्द रागात आणि तालात बांधलेले असतात, तिला बंदिश म्हणतात. बाबल म्हणाला, बांधलेलं म्हणजे बंदीच झाली की. मग त्या म्हणाल्या, बस खाली, ऐक आणि मग तूच सांग, ही उठवायची की ठेवायची.

आम्हाला ह्यातलं काही कळत नाही, अशी तक्रार करत बाबल पायरीवर टेकला. माशांची पिशवी पायांमध्ये. ताई गायल्या, चांगल्या अर्धा तास गायल्या. गाणं संपलं तरी बाबल तसाच बसून होता. ताईंनी विचारलं, काय रे, उठवू?

“ऱ्हवांदे,” बाबल म्हणाला. “ही बंदी चलात.”

मग उठायला म्हणून त्याने पिशवी उचलली, तर ती हलकी लागली. शेजारचं मांजर मघापासून त्याच्या पायांमध्ये बसून सावकाश बांगडे खात होतं!

*

मंदाचा किस्सा कुडाळचा. तिथे एक गाण्याची स्पर्धा होती. परीक्षक बाहेरून आलेले, झब्बा इस्त्रीचा, बोलणं अगदी शुद्ध. मंदाचं गाणं झाल्यावर त्यांनी माइकवर विचारलं, “छान. आपलं घराणं कोणतं?”

आता आमच्याकडे घराणं विचारलं की माणूस काय सांगणार? मंदाने सरळ सांगितलं, “मूळचे कुणकेश्वराकडचे. माहेर कसालला. नवऱ्याकडचे मात्र दोडामार्गातून आलेले.”

हॉलमध्ये हशा पिकला. मंदाला काय चुकलं तेच कळेना. घरी येईपर्यंत तिला कुणीतरी सांगितलं, की गाण्यातलं घराणं वेगळं असतं, कुणाचा गुरू कोण आणि त्या गुरूचा गुरू कोण ते. ती रडतच ताईंकडे आली. मी गाणं सोडते म्हणाली.

ताई म्हणाल्या, अगं, तू बरोबरच सांगितलंस. घराणं म्हणजे गाणं कुठून कुठे आलं तेवढंच. त्याला एवढं घाबरतात कशाला? मीच बघ. तरुणपणी दर शनिवारी एसटीने बांद्याला जायचे, तिथून गाडी बदलून गोव्यात गुरुजींकडे, आणि रविवारी परत. निम्मं गाणं मी त्या एसटीत घोकलंय. म्हणजे माझं घराणं कुठलं?

“बांदा घराणा,” भाई तबल्यावरून म्हणाले. “त्या गाडीर कंडक्टर मी होतंय. घराण्याचा तिकीट मीच फाडलंय.”

तेव्हापासून आम्ही सगळे बांदा घराण्याचे. मंदाने पुढच्या वर्षी स्पर्धेच्या अर्जात तसं लिहिलंसुद्धा, आणि त्या परीक्षकांनी मान डोलवून म्हटलं, “हो हो, ऐकलंय.”

*

भाईंचा एक छोटासा. त्यांच्या वाडीत रस्त्याचं काम निघालं होतं. एक कॉन्ट्रॅक्टर ठेका कुणाकडे आहे ते विचारत फिरत होता. पारावर कुणीतरी थट्टेत सांगितलं, ठेका भाईंकडे. गडी खरंच भाईंच्या घरी! म्हणाला, ठेका तुमच्याकडे आहे असं कळलं, थोडं काम आम्हालाही द्या.

भाई तबला पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “गावतलो. पण सोळा मात्रा वेळेवर भरूक व्हयो. आणि एक जरी मात्रा खाल्लंस, तर चारचौघांत कळता.”

तो माणूस पुन्हा त्या वाडीत दिसला नाही म्हणतात.

*

गाणाऱ्याने आंबट खाऊ नये, मासे खाऊ नयेत, थंड पिऊ नये. ह्या गैरसमजावर माझ्या दुकानाचं खडीसाखर आणि ज्येष्ठमधाचं काउंटर चालतं, त्यामुळे मी फार बोलू नये. पण मंदाने एकदा हद्द केली. कुठेतरी वाचलं आणि मासे बंद, सोलकढी बंद. घरात नवरा आणि दोन मुलं जेवताहेत, आणि ही बाई समोर बसून मुगाची आमटी भुरकतेय! नवरा माझ्या दुकानात येऊन गयावया करायला लागला, की भूक लागली की ती चिडते, काहीतरी गोळी द्या. मी म्हटलं, ह्याला गोळी नाही.

गुरुवारी मंदा गायला बसली. आवाज बारीक, श्वास अपुरा, वरचा निषाद काही केल्या लागेना. ताईंनी तानपुरा खाली ठेवला आणि आत गेल्या. तव्यावरचा चुरचुर आवाज पडवीपर्यंत आला आणि मागोमाग वास आला. बाहेर आल्या तेव्हा हातातल्या ताटलीत तळलेला बांगडा आणि वाटीत सोलकढी होती.

“मासे सोडलंस म्हणान निषाद लागलो काय गो?”

“नाय,” मंदा खाली बघून म्हणाली.

“मग बांगड्याचो काय गुन्हो?”

मंदाने तिथेच, तानपुऱ्यासमोर, बोटं चाटत बांगडा संपवला. त्यानंतर निषाद लागला की नाही ते मी सांगणार नाही, कारण खडीसाखरेच्या धंद्यावर परिणाम होतो.

*

आता ‘व्हय म्हाराजा’चा. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात हे बाहेरच्यांना ठाऊक नसेल. कुठलंही काम असो, लग्न, नवी होडी, परगावी निघणं, घरातला किंवा गावातला मोठा माणूस देवासमोर नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागतो. बा देवा म्हाराजा, ह्याचं असं कर, त्याचं तसं कर. आणि एकेक वाक्य संपलं की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” हे आमच्या हाडात मुरलेलं आहे.

कसालजवळच्या एका गावात देवळाच्या सप्ताहात ताईंचं गाणं ठेवलं होतं. बोलावणाऱ्यांनीच आधी सांगितलं, आमच्या लोकांना ह्यातलं काही समजत नाही, तुम्ही आपलं एखादं भजन म्हणून उरका. ताई बसल्या आणि त्यांनी मोठा ख्याल सुरू केला, अगदी संथ लयीत. समोर दोनशे माणसं, एकदम गप्प. वाहवा नाही, मान हलत नाही. मी पेटीवरून भाईंकडे बघतोय, भाई माझ्याकडे.

नंतर कळलं, ती माणसं कंटाळली नव्हती, घाबरली होती. मधेच बोललो आणि चुकलं तर?

ताईंनी एक लांबलचक आलाप घेतला. वर वर गेल्या, तिथे थांबल्या, आणि मग उतरत उतरत नेमक्या समेवर आल्या. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारा कुठेही फिरून आला तरी सगळ्यांची गाठ तिथेच पडते. ताई समेवर आल्या आणि मागच्या खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून नकळत निघालं, “व्हय म्हाराजा!”

म्हातारा बिचारा ओशाळला. ताईंनी डोळे उघडले, त्याच्याकडे बघून हात जोडले आणि पुढचं आवर्तन घेतलं. आणि पुढच्या समेला दोनशे माणसांनी मिळून म्हटलं, “व्हय म्हाराजा!” एकाचंही चुकलं नाही. सम कुठे येते ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गाऱ्हाण्यातलं वाक्य कुठे संपतं ते जसं कळतं, तसंच हे कळलं असावं.

परत येताना जीपमध्ये ताई म्हणाल्या, आजवर मला पुष्कळ ठिकाणी दाद मिळाली, पण मागितलेलं मिळाल्यासारखं आज पहिल्यांदाच वाटलं. त्या दिवसापासून आमच्या पडवीत कुणी ‘वाहवा’ म्हणालं नाही. दाद म्हणजे ‘व्हय म्हाराजा’.

*

बाबल आता दर गुरुवारी यायला लागला होता. पिशवी वर खिळ्याला टांगायचा, मांजराकडे एकदा रागाने बघायचा, आणि पडवीच्या खांबाला टेकून बसायचा. एकदा त्याने विचारलं, “ताईनू, तुमी म्हणतास भैरव सकाळचो आणि यमन सांजेचो. मी सांजेक उठान दर्यात जातंय आणि सकाळी येवन झोपतंय. मग माझो राग खंयचो?”

सगळे हसले. भाई म्हणाले, ह्याच्यासाठी वेगळं टाइमटेबल छापावं लागेल. ताई मात्र हसल्या नाहीत. नंतर बघू म्हणाल्या आणि विषय तिथेच राहिला.

पुढच्या गुरुवारी सकाळी आम्ही भैरवची तयारी करून बसलो होतो. ताईंनी मला खुणेने थांबवलं आणि यमन सुरू केला. सकाळी! उन्हं नुकती माडांवरून खाली उतरली होती, रस्त्यावरून दूधवाला जात होता, आणि आत संध्याकाळचा यमन चालला होता. दूधवाल्याने मला नंतर विचारलं, ताईंचं घड्याळ बंद पडलंय का?

गाणं झाल्यावर ताई बाबलला म्हणाल्या, “माणूस घराकडे परतता ती सांज. तुझी सांज आत्ता झाली.”

रागाला वेळ असते हे खरं. पण ती वेळ कुणाची, हा प्रश्न मला तोपर्यंत पडला नव्हता. आता सकाळी दुकानाचं शटर वर करताना माडांवर ऊन दिसलं की मला यमनच आठवतो. आणि मग अख्खी सकाळ दुकानात चित्त लागत नाही.

*

शास्त्रीय गाण्याला झोप येते, हा आणखी एक लाडका गैरसमज. आमच्याकडे तर बाबल खरंच झोपायचा. रात्रभर जाळी ओढून आलेला माणूस, ताईंनी ‘सा’ लावला की पाच मिनिटांत खांबाला टेकून गाढ! तोंड उघडं, कधी कधी घोरणंसुद्धा.

बँकेत बदली होऊन आलेल्या एक मॅडम क्लासला यायला लागल्या होत्या. त्यांना ते सहन होईना. ताई, हा गाण्याचा अपमान आहे, म्हणाल्या. ताईंनी त्यांना सांगितलं, गाणं थांबेपर्यंत थांबा आणि मग बघा. ताईंनी गाणं संपवलं, तानपुऱ्यावरचा हातही थांबवला. त्याच क्षणी बाबलचे डोळे उघडले आणि तो ताठ बसला.

मॅडमनी विचारलं, हे कसं काय? बाबलने सांगितलं, की होडीवर असंच असतं. इंजिन चालू असेपर्यंत माणूस बिनघोर झोपतो, कारण सगळं ठीक आहे. इंजिन बंद पडलं की जो तो जागा होतो.

मॅडमना हे कितपत पटलं ठाऊक नाही. पण पुढच्या गुरुवारी त्यांनी येताना बाबलसाठी एक उशी आणली.

*

मग ऑपरेशन झालं.

क्लासातल्या मुलांच्या आईवडिलांनी एकेक करून मुलं काढून घेतली. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. परीक्षा आहेत, ट्यूशन आहे, अशी कारणं दिली. खरं कारण दुकानात माझ्यासमोरच एकाने सांगितलं. आवाजच नाही तर बाई शिकवणार काय? गाणं गळ्यात असतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. मला तेव्हा भयंकर राग आला होता. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली होती, की त्याचं बरोबर असलं तर?

ताईंनी क्लास बंद केला नाही. एक हात मांडीवरच्या तानपुऱ्यावर, आणि दुसऱ्या हाताने शिकवणं. तळवा सावकाश खाली आणला की कोमल रिषभ, हात हवेतून ओढत नेला की सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड. पण समोरचा डोळे मिटून गात असला तर त्याला थांबवायचं कसं? ह्यावर भाईंनी तोडगा काढला. घरातली देवपूजेची घंटा आणून ताईंजवळ ठेवली आणि सांगितलं, आमच्या गाडीचा नियम. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. आमच्या घराण्यात आलाप डबल बेलवर सुरू होतो, हे पुण्याच्या लोकांना सांगितलं तर त्यांना पटायचं नाही!

मंदा त्या घंटेवर जे शिकली ते मी ऐकलंय. आज ती फार चांगलं गाते.

बाबलही येत राहिला. उशी घ्यायचा, खांबाला टेकायचा. मंदा गात असायची, मी वाजवत असायचो, आणि तो तांबारलेल्या डोळ्यांनी समोर बघत बसायचा. एकदा ताईंनी त्याला हातानेच विचारलं, काय रे, झोपत नाहीस?

“आता झोप येणा नाय, ताईनू,” तो म्हणाला. मंदाला वाईट वाटेल असं वाटून लगेच पुढे म्हणाला, “वय झाला माझा.”

ताई हसल्या. आवाज न होता हसल्या, आणि बराच वेळ तानपुऱ्याची खुंटी पिळत राहिल्या. तार तर मघाशीच लागली होती.

*

शेवटचा किस्सा ताई पुण्याला गेल्या त्या सकाळचा.

लेक गाडी घेऊन आली होती. सामान फार नव्हतंच. तानपुरा गवसणीत घालून मागच्या सीटवर आडवा ठेवला. मी त्यात माझ्या औषधांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, दर पावसाळ्यात टाकायचो तशाच. पुण्याच्या कोरड्या हवेत त्यांचा काही उपयोग नाही हे लेकीने सांगितलं. मी तरी टाकल्याच.

निघताना गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्यात वडीलधारे भाईच. पडवीत पाटावर नारळ ठेवला, आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. बाबल समुद्रावरून थेट आला होता. त्याला उभं राहवेना, म्हणून तो आपल्या खांबाला टेकून बसला. ताई चपला काढून हात जोडून उभ्या होत्या.

भाईंनी सुरुवात केली. “बा देवा रामेश्वरा म्हाराजा, आज ही तुझी लेक गाव सोडून पुण्याक चलली आसा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हटलं.

“वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर. लेकीच्या घरात तिका सुखान ठेव, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

ताईंचे नुसते ओठ हलत होते. भाई इथे थांबणार होते. गाऱ्हाणं एवढंच ठरलं होतं. पण ते थांबले नाहीत.

“तिचो आवाज तू घेतलंस. कित्या घेतलंस ता तुका म्हायत, आमी इचारणव नाय. पण खंय ठेवलंस थय तो जपान ठेव. ता आमचा धन आसा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हटलं, आणि नेहमीसारखं शेवटचं ‘जा’ लांबवलं, आणि थांबलो.

एक ‘जा’ थांबला नाही. तो तसाच पुढे चालू राहिला. बारीक होता, कडेला थोडा चरबरीत होता, पण सरळ होता. माझी पेटी खोक्यात बांधलेली होती. माझं बोट आपोआप मांडीवर, जिथे काळी चार असते तिथे गेलं. मंदाने माझा दंड घट्ट धरला. भाईंचे डोळे मिटलेले होते. मी ताईंकडे बघितलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही.

मग तो संपला.

ताईंनी चपला घातल्या आणि गाडीत बसल्या. भाईंनी डबल बेल द्यायला घंटा उचलली. ताईंनी काच खाली केली, पडवीकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आम्ही सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

बाबल खांबाला टेकून झोपला होता. तोंड उघडं, मान एका बाजूला, बारीक घोरत, गाढ.

भाईंनी घंटेचा लोलक मुठीत धरला. गाडी घंटेशिवायच हलली, माडांच्या मधून वळली आणि दिसेनाशी झाली. इंजिनाचा आवाजही गेला. आम्ही पायरीवर बसून राहिलो. ऊन पडवीत आलं, मांजर आलं आणि खिळ्याला टांगलेल्या पिशवीखाली बसून राहिलं.

बाबल काही उठला नाही.